लकव्यानंतर खोकल्यात जोर नाही, पाण्याने ठसका लागतो

प्रश्न : आबांना (वय ६६) चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. आता काठीने चालतात, पण पाणी पिताना ठसका लागतो आणि खोकला पोकळ येतो, बेडका सुटत नाही. तीन गोळ्यांचं यंत्र रोज ओढतात. शेजारी म्हणतात, फुगे फुगवायला द्या. त्याने गिळणं सुधारेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गोळ्यांचं यंत्र श्वास आत घेण्यासाठी आहे. ते चालू ठेवा, पण बेडका बाहेर फेकतात ते पोटाचे आणि बरगड्यांमधले, श्वास सोडणारे स्नायू. त्यांना त्यातून काम मिळत नाही. फुगा सुरुवातीला कडक, मग एकदम सैल. त्यात जोर मोजूनमापून वाढवता येत नाही.

यासाठी स्प्रिंगच्या झडपेचं छोटं उपकरण मिळतं. ठरवलेल्या दाबाइतकी फुंकर बसली तरच झडप उघडते. विकत घेताना दाब बघा. फुंकरीचा दाब पाण्याच्या उंचीत, सेंटिमीटरमध्ये मोजतात. कफ सैल करण्याच्या साध्या यंत्राचा दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास संपतो, ताकद वाढवायला तो बहुतेकांना अपुरा पडतो. ३० ते १५० सेंटिमीटर दाबाचं उपकरण मिळतं. फिजिओथेरपिस्टनी आबांच्या फुंकरीचा कमाल दाब मोजून त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, मग ७५ टक्क्यांपर्यंत न्यावं. दर आठवड्याला पुन्हा मोजायचं.

खुर्चीत ताठ बसवा, नाकाला चिमटा लावा. छाती भरून श्वास, ओठ नळीभोवती घट्ट, आणि एकच जोरदार छोटी फुंकर. हवा सुटल्याचा आवाज आला की थांबायचं. अशा ५ फुंकरी, मग मिनिटभर विश्रांती. असे ५ फेरे, आठवड्यातून ५ दिवस, ५ आठवडे. बहुतेकांचं चुकतं ते गालात. गाल फुगले की जोर तिथेच जिरतो, म्हणून गाल हाताने दाबून धरा. लकव्याच्या बाजूने ओठांतून हवा निसटत असेल तर तिथे बोट लावा. संथ, लांब फुंकरीचा उपयोग नाही.

या फुंकरीत हनुवटीखालचे स्नायूही आवळतात. गिळताना स्वरयंत्र वर उचलतात ते हेच. तरी गिळण्यातला फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. खोकल्याला बळ येणं हेच मोठं काम आहे, कारण चुकून श्वासनलिकेत गेलेलं तोच बाहेर काढतो.

जोर लावताना रक्तदाब चढतो. तो ताब्यात नसेल, हर्निया असेल किंवा छातीत हवा साठल्याचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही फुंकर नको. चक्कर आली की थांबा.

ठसका थांबला म्हणजे गिळणं सुधारलं असं कृपया धरू नका. लकव्यात घशाची जाणीव गेली की घास चुकीच्या नळीत जाऊनही ठसका लागत नाही. गिळण्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. तोवर मिसळ आणि रश्श्यात कुस्करलेली भाकरी बंद : पातळ आणि घट्ट एकाच घासात आलं की पातळ आधी घसरतं. मऊ, एकजीव भात छोट्या चमच्याने द्या आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. रोज दोनदा दात-जीभ स्वच्छ करा. तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. जेवल्यावर आवाज घुरघुरला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.