सेकंड सर्व्हिस आणि प्रशिक्षकाची नजर

प्रश्न : माझे वय ४४ असून गेली ६ वर्षे मी आठवड्यातून तीनदा टेनिस खेळतो. पहिली दोन वर्षे खेळ झपाट्याने सुधारला. त्यानंतर मात्र तो जागचा हललेला नाही. सेकंड सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी) करताना हात आखडतो आणि डबल फॉल्ट होतात, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जातो. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, त्यांत सांगितलेले करूनही पाहिले. या वयात प्रशिक्षक लावून काही साधेल का, की अधिकाधिक सामने खेळत राहणे हाच मार्ग आहे?

उत्तर : निश्चित साधेल, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. एवढी वर्षे आपण इतक्या नियमाने खेळत आहात, याचा अर्थ मेहनत कमी पडलेली नाही. जी सवय पहिल्या दोन वर्षांत लागली, तीच पुढच्या चार वर्षांत अधिक पक्की झाली आहे. सामन्यात प्रत्येकाला गुण हवा असतो, त्यामुळे कच्चा फटका सुधारण्याऐवजी तो टाळण्याचीच हातोटी वाढत जाते. बॅकहँडला (रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला) आलेला चेंडू वळसा घालून फोरहँडने (रॅकेटच्या हाताच्या बाजूने) मारणारे खेळाडू आपणही पाहिले असतील. केवळ सामने वाढवून ही कोंडी सुटत नाही.

योग्य सर्व्हिस कशी दिसते हे व्हिडिओ दाखवतो, पण आपली सर्व्हिस त्याला दिसत नाही. आणि खरी अडचण अशी की ती आपल्यालाही दिसत नाही. रॅकेट पाठीमागे पुरेशी खाली गेली असे मनापासून वाटत असते, पण चित्रफितीत ती खांद्यापाशीच थांबलेली आढळते. चांगला प्रशिक्षक आधी मागून आणि बाजूने चित्रण करून खेळाडूला त्याचाच हात दाखवतो, तो याचसाठी.

केवळ पत्रावरून निदान करू नये हे मान्य करूनही लिहितो, की आपले वर्णन वाचून पहिली शंका येते ती पकडीची. अनेक हौशी खेळाडू फोरहँडच्याच पकडीने सर्व्हिस करतात. त्या पकडीत रॅकेटचा चेहरा सपाट येतो, चेंडूला फिरकी मिळत नाही, आणि मग सेकंड सर्व्हिस आत ठेवण्यासाठी चेंडू हळू मारण्यावाचून उपाय उरत नाही. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते आणि चेंडू त्यापलीकडे ६.४० मीटरच्या आत पडावा लागतो. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी, दिलेला चेंडू नेटवरून बराच उंचावरून जाऊनही पुढे वेगाने खाली उतरतो, म्हणून सेकंड सर्व्हिसलाही रॅकेट पहिल्या सर्व्हिसइतक्याच वेगाने फिरवावी लागते; फरक एवढाच की तो वेग पुढे जाण्याऐवजी फिरकीत खर्च होतो. आपला हात आखडतो तो भीतीने, आणि आखडल्यामुळेच फिरकी नाहीशी होते.

यावरचा उपाय म्हणजे हातोडी धरतो तशी, कॉन्टिनेंटल पकड. ती घेतल्यावर सुरुवातीला उजव्या हाताच्या खेळाडूचे चेंडू बहुधा डावीकडे भरकटतात आणि खेळ आधीपेक्षा बिघडल्यासारखा वाटतो. एकटा शिकणारा माणूस नेमका याच टप्प्यावर जुन्या पकडीकडे परततो, आणि माझ्या मते प्रशिक्षकाची खरी किंमत इथेच कळते. तो खेळाडूला बेसलाइनवरून पुढे आणून जवळून सर्व्हिस करायला लावतो, चेंडू कुठे पडला हे काही दिवस मोजू देत नाही, टॉस (सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणे) आणि पकड अशा दोन गोष्टी एकाच दिवशी बदलत नाही, आणि हे बिघडणे अपेक्षित आहे असे आधीच सांगून ठेवतो. तो काळ निभावण्यासाठी काही आठवडे महत्त्वाचे सामने टाळावेत. वयाची चिंता नसावी. खांदा दुखत असेल तर मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

प्रश्न : प्रशिक्षक टोपलीतून चेंडू देतात तेव्हा माझा फोरहँड उत्तम बसतो, पण सामन्यात तोच फटका नेटमध्ये किंवा बाहेर जातो. चूक कुणाची समजावी?

उत्तर : चूक सरावाच्या पद्धतीत आहे. टोपलीतला चेंडू एकाच जागी, एकाच वेगाने येतो. तो कुठे येईल हे ओळखावे लागत नाही आणि कुठे मारायचा हेही ठरलेले असते. फटक्याची घडण शिकताना असा सराव हवाच, पण तिथेच थांबून चालत नाही. सामन्यात प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या सुमारास लहानशी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, घेऊन दिशा ओळखावी लागते. ती चुकली की पाय उशिरा पोहोचतात आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

आपल्या प्रशिक्षकांना एखादा सामना पाहून गुण कोणत्या फटक्यांवर गेले याची नोंद करण्याची विनंती करावी. कदाचित फोरहँडची घडण ठीक असेल आणि चुकत असेल ती फटक्याची निवड. एकेरीच्या कोर्टची लांबी २३.७७ मीटर आहे, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे २५ मीटर भरते. शिवाय क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका मारलेला, चेंडू नेटच्या ठेंगण्या भागावरून जातो. धावत येऊन अडचणीत मारलेला डाउन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ जाणारा, फटका उंच नेटवरून कमी जागेत बसवावा लागतो. म्हणून सरावाचा निम्मा वेळ तरी हलत्या रॅलीला द्यावा, आणि गुण मोजून, फक्त क्रॉसकोर्टमध्ये ११ गुणांचा डाव खेळण्यापासून सुरुवात करावी.