रीडिंग हळू येतंय? आधी इंटिग्रेशन टाइम बघ
मल्टिमीटरवरून कॉम्प्युटरवर रीडिंग हळू येतंय म्हणून नवीन डेटा-अ‍ॅक्विझिशन कार्ड (सिग्नल मोजून कॉम्प्युटरला देणारं) घ्यायची घाई नको. मीटरचा इंटिग्रेशन टाइम (एका रीडिंगसाठी मीटर जितका वेळ सिग्नलची सरासरी घेतो तो) किती ठेवलायस? 50 हर्ट्झच्या विजेची एक सायकल म्हणजे 20 मिलिसेकंद. तो 10 सायकलवर असेल तर एका रीडिंगलाच 200 मिलिसेकंद जातात, ऑटोझीरो (प्रत्येक रीडिंगसोबत मीटरने स्वतःचा शून्य तपासणं) चालू असेल तर जवळपास दुप्पट. 1 सायकलवर आण. त्याखाली गेलास की विजेची गुणगुण रीडिंगमध्ये उतरते, शेवटचे आकडे नाचायला लागतात. ऑटोरेंज (मीटरने मोजायची रेंज आपोआप निवडणं) बंद, रेंज स्वतः ठरव. लूपमध्ये एकेक रीडिंग मागवू नकोस (मी कित्येक महिने हेच करत बसलो होतो), मीटरच्या बफरमध्ये (आतल्या मेमरीत) साठवून एकदम उचल. फक्त मल्टिप्लेक्सरवर (अनेक सिग्नल आळीपाळीने एकाच मीटरला जोडणारा स्विच) चॅनल बदलल्यावर सिग्नल स्थिरावू दे; सोर्सचा रोध जास्त असेल तर आधीच्या चॅनलचं व्होल्टेज पुढच्यात डोकावतं.