अंटार्क्टिकावरचा संशोधन तळ एकाच छपराखाली असतो की वेगवेगळ्या इमारतींत?

मुलीला शाळेसाठी तळाचं मॉडेल करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः अंटार्क्टिकाला गेलेलो नाही. इंदूरला बटाट्याची कोल्ड स्टोअरेज उभारतो, म्हणजे थंडी आत कोंडायचं काम. तिकडे ती बाहेर ठेवायची, एवढाच फरक. आणि खरं सांगायचं तर थंडी हा तिथला सोपा प्रश्न. जाड पफ पॅनल, म्हणजे मधे फोम भरलेले पत्रे, लावा, सांधे नीट बुजवा, काम होतं. एक बोल्ट जरी आरपार गेला, तर पावसाळ्यात आमच्या गोदामाबाहेर त्याच्या डोक्यावर पाण्याचे थेंब धरतात. तिकडे तसल्या बोल्टवर आतून बर्फ साठेल.

नकाशा ठरतो तो वाऱ्यानं वाहणाऱ्या बर्फावरून आणि आगीच्या भीतीवरून.

आपलं पहिलं स्थानक, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावर उभं केलं. काही वर्षांत ते बर्फाखाली गेलं. त्यानंतरचं मैत्री खडकावर आहे. २०१२ मध्ये सुरू झालेलं भारतीही खडकावरच, खांबांवर उचललेलं, म्हणजे वारा खालून निघून जातो आणि बर्फ साचत नाही. १३४ कंटेनर जोडून वरून एकच आवरण चढवलंय. राहणं वरच्या मजल्यावर, साठा आणि कार्यशाळा खाली. जिथे खडकच नाही तिथे आणखी उचापती. ब्रिटिशांच्या हॅली स्थानकाच्या पायांना चक्क स्की आहेत. बर्फात भेग वाढत चालली, तेव्हा २०१६-१७ मध्ये त्यांनी डबे सुटे करून अख्खं स्थानक ओढत २३ किलोमीटर हलवलं.

आता आग. हवा कोरडी, वारा जोराचा, पाणी गोठलेलं. आणि घर जळालं तर बाहेर झोपायची सोय नाही. ब्राझीलच्या स्थानकात फेब्रुवारी २०१२ मध्ये जनरेटरच्या खोलीतून आग पसरली, दोन माणसं गेली. म्हणून फ्रान्स-इटलीच्या कॉन्कॉर्डियाची रचना मला फार आवडते: दोन गोल मनोरे, मधे बंदिस्त वाट. एक ‘शांत’, त्यात झोपायच्या खोल्या, प्रयोगशाळा, दवाखाना. दुसरा ‘गोंगाटाचा’, त्यात स्वयंपाकघर आणि जेवण. वीजघर तिसऱ्या इमारतीत. उन्हाळी माणसांची छावणी जरा दूर, तीच संकटात आसरा. आमच्या वाड्यात झोपायची खोली स्वयंपाकघराला लागून होती, पहाटे पोह्यांच्या फोडणीनं जाग यायची, त्यामुळे या विभागणीचं कौतुक मला जास्तच.

उपकरणं मुख्य इमारतीपासून लांब ठेवतात. दक्षिण ध्रुवावर वारा बहुतेक एकाच दिशेनं येतो, त्या बाजूला हवा मोजायची प्रयोगशाळा, म्हणजे जनरेटरचा धूर तिकडे जात नाही.

तेव्हा मॉडेलमध्ये एक मोठी इमारत, बाजूला वीजघर, दूर एक आसऱ्याची झोपडी आणि वाऱ्याकडे प्रयोगशाळा दाखवा. मुलीला एक प्रयोगही करू द्या. दोन खोकी घ्या, एक जमिनीवर ठेवा, दुसरं चार काड्यांवर. टेबल फॅन हळू लावून समोरून बारीक रवा सोडा. जमिनीवरच्या खोक्यामागे ढीग होतो, काड्यांवरच्या खोक्याखालून रवा निघून जातो. आमच्याकडे हे स्वयंपाकघरात केलं, आईनं दोन दिवस बोलणं सोडलं होतं. गच्चीवर करा.