खाली उकळतं पाणी, समोर पॅसिफिक: रोटोरुआ आणि बे ऑफ प्लेंटीबद्दल तुमचे प्रश्न

न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडमधलं रोटोरुआ हे गरम झऱ्यांचं शहर आणि त्याजवळचा बे ऑफ प्लेंटीचा किनारा, याबद्दल या वेळी खूप पत्रं आली. बहुतेकांचं कोणी ना कोणी ऑकलंडला आहे आणि डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, जायचं ठरतंय. मी याच भागात राहते त्यामुळे लिहिताना हात आवरत नाही, तरी निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न (नाशिक): नणंद ऑकलंडला असते. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७०) आणि ९ व १४ वर्षांची मुलं असे जाणार. फिरायला ६ दिवस आहेत, एजंटने त्यातच साउथ आयलंडही बसवलंय. जमेल का?

जमेल, पण विमानतळ आणि गाडीची काचच जास्त बघाल. साउथ आयलंड सोडा यावेळी, प्लीज. ६ दिवसात कोरोमंडलचा (तिकडचं द्वीपकल्प, आपलं नव्हे) किनारा, टाउरंगा आणि रोटोरुआ एवढंच करा आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहा. ऑकलंडहून कोरोमंडलमधल्या हाहेईला साधारण अडीच तास, तिथून टाउरंगाला तेवढेच, पुढे रोटोरुआ तासाभरावर, आणि परतताना रोटोरुआ ते ऑकलंड तीन तास. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, पण कोरोमंडलचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, त्यामुळे मॅप जो वेळ दाखवतो त्यात अर्धा तास धराच, गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्याही घ्या.

सासूबाईंसाठी माझी पहिली पसंती रोटोरुआजवळचं वाइमांगू. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा डोंगर फुटला, शंभराहून जास्त माणसं गेली, गावं राखेखाली गाडली गेली आणि गुलाबी-पांढऱ्या पायऱ्यांची जी नैसर्गिक कुंडं बघायला तेव्हा युरोपातून लोक बोटीने यायचे तीही गेली. त्या स्फोटाने जी दरी उघडली ती म्हणजे वाइमांगू. वाफाळणारी तळी, रंगीत दगड, आणि आता त्यावर वाढलेलं हिरवंगार रान, म्हणजे उजाड झालेल्या जमिनीवर रान परत कसं येतं ते चालता चालता दिसतं. वाट बहुतेक उताराची आहे आणि परत वर आणायला बस असते, मधेच दमलं तरी बसमध्ये बसता येतं. खाली रोटोमाहाना तळ्यावर बोटही आहे, ती चुकवू नका.

मुलांना रोटोरुआतल्या फाकारेवारेवा गावात न्या. तिथे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं आजही राहतात, तेच लोक फिरवून दाखवतात, आणि उकळत्या झऱ्यात मक्याची कणसं शिजवून देतात, ती खाच. यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज तारावेराच्या स्फोटानंतर बेघर होऊन इथे आले. त्या काळातली सोफिया नावाची गाइड फार प्रसिद्ध होती, स्फोटाच्या रात्री तिच्या घरात आसरा घेतलेले बरेच लोक वाचले. हे सगळं त्यांच्याच घरच्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात आणि बोर्डावर वाचण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणाचं अंगण, स्मशान किंवा सभागृह असेल तिथे फोटो काढायच्या आधी विचारा एवढंच.

आणि पैसे न घालवता करायचं असेल तर रोटोरुआच्या मधोमध कुइराऊ पार्क आहे, तिथे चिखलाची बुडबुडणारी डबकी बघायची आणि पाय सोडून बसायला गरम पाण्याचे हौद आहेत. सासूबाई तिथून उठणार नाहीत.

प्रश्न (चिपळूण): आमच्याकडे उन्हवरे, तुरळ, राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेतच की. एवढा खर्च करून तेच बघायचं का?

प्रश्न आवडला. तेच नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच थंड झालेला. कोकणात पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. रोटोरुआत गोष्ट आत्ता चालू आहे. पॅसिफिकची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, नॉर्थ आयलंडच्या खाली सरकतेय, वरचं कवच ताणलं जाऊन पातळ झालंय आणि वितळलेला खडक काही किलोमीटरवर आहे. रुआपेहू डोंगरापासून समुद्रातल्या फाकारी (व्हाइट आयलंड) बेटापर्यंत हा पट्टा जातो. म्हणून तिथे नुसतं गरम पाणी नाही, फाकारेवारेवाचा पोहुतू गीझर (जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा) ३० मीटरपर्यंत उडतो, तोही दिवसातून बऱ्याच वेळा आणि स्वतःच्या मर्जीने. रोटोरुआजवळच्या वाइ-ओ-टापूचं शॅम्पेन पूल हे तळं ७४ डिग्रीचं आहे आणि त्याचा भगवा काठ आर्सेनिक आणि अँटिमनीमुळे आलाय. तिथलाच लेडी नॉक्स गीझर रोज सव्वादहाला साबण टाकून उडवतात, बघायला मजा येते पण वेळ कमी असेल तर पोहुतूच बघा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोटोरुआत घरं आणि हॉटेलं गरम करायला लोकांनी इतक्या बोअर मारल्या की गीझर मरायला लागले. १९८७ च्या सुमारास सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, लोकांनी खूप विरोध केला, पण गीझर सावरले. आपल्या कुंडांभोवती जे काँक्रीट चाललंय ते बघताना मला हे दरवेळी आठवतं.

प्रश्न (रत्नागिरी): हॉट वॉटर बीचवर स्वतः खड्डा खणून गरम पाण्यात बसता येतं असं ऐकलंय. कधी जायचं?

खरंय. हा बीच कोरोमंडलला, हाहेईजवळ आहे. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढाच वेळ, बाकी वेळी ती जागा लाटांखाली असते. तुम्ही रत्नागिरीचे म्हणजे भरती-ओहोटीचं गणित तुम्हाला मी काय सांगणार, तेच तिथेही, रोज साधारण ५० मिनिटं पुढे. आधी ओहोटीची वेळ बघा मग हॉटेल बुक करा, लोक नेमकं उलटं करतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं म्हणजे जागा जास्त मिळते. फावडं तिथे भाड्याने मिळतं. वाळूखालून येणारं पाणी ६४ डिग्रीपर्यंत असतं, थेट झऱ्यावर पाय पडला तर पोळतो, त्यामुळे पायाने चाचपत जा आणि थोडं समुद्राचं पाणी खड्ड्यात येऊ द्या. पण तिथे समुद्रात पोहू नका, आत ओढणारे प्रवाह भयंकर आहेत. पोहायचं तर टाउरंगाच्या माउंट मौंगानुईला, लाइफगार्डच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. तिथला माउआओ डोंगर फक्त २३२ मीटर, सकाळी लवकर चढा, एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आणि डिसेंबर असेल तर पायथ्याला पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी भरलेली. चढायचं नसेल तर पायथ्याने फेरी मारा, पाऊण तास ते तासभर.

प्रश्न (पुणे): आम्ही ट्रेकिंगवाले सहा जण. कोलाडला राफ्टिंग केलंय. कैतुना नदीवर ७ मीटरच्या धबधब्यावरून राफ्ट टाकतात, ते करावं का? दोघांना पोहता येत नाही.

कोलाडच्या हिशोबाने जाऊ नका. कैतुनाला ग्रेड ५ पर्यंतचं, म्हणजे फार अवघड, पाणी आहे आणि त्या ७ मीटरच्या टुटेआ धबधब्याखाली राफ्ट कधीकधी उलटते, म्हणजे काही सेकंद तुम्ही पूर्ण पाण्याखाली. लाइफ जॅकेट, हेल्मेट, गाइड सगळं असतं, पण न पोहणाऱ्यांनी बुकिंग करतानाच स्पष्ट सांगायचं, ग्रुपमध्ये लाज वाटते म्हणून गप्प बसायचं नाही. नको वाटलं तर तिथल्याच ओकेरे फॉल्सच्या पायवाटेवरून वरून बघा, फुकट आहे. ट्रेकिंगसाठी तारावेराच करा, ११११ मीटर. तो माओरी मालकीचा डोंगर आहे, फक्त त्यांच्या परवानगीच्या गाइडबरोबर जाता येतं, आणि भुसभुशीत लाल दगडांवरून घसरत विवरात उतरायचं म्हणजे काय ते तुम्हीच अनुभवा. सायकलवाल्यांना रोटोरुआच्या रेडवुडच्या जंगलात दीडशे किलोमीटरहून जास्त ट्रेल आहेत.

प्रश्न (ठाणे): व्हाइट आयलंडला अजून नेतात का? आणि एकूण भाग सुरक्षित आहे का?

बेटावर उतरवत नाहीत. ९ डिसेंबर २०१९ ला तो ज्वालामुखी फुटला तेव्हा ४७ जण बेटावर होते, २२ जण गेले, त्यात पर्यटक होते आणि गाइडही. इथल्या लोकांसाठी ती जखम ताजी आहे, तेव्हा त्या विषयावर सेल्फीच्या सुरात बोलू नका. स्वच्छ दिवशी ओहोपेच्या किनाऱ्यावरून बेट आणि वाफ दिसते.

बाकी भाग सुरक्षित आहे, फक्त पाट्या पाळा. कुंपणापलीकडे कवच पातळ असतं, खाली उकळतं पाणी. नैसर्गिक गरम पाण्यात डोकं अजिबात बुडवायचं नाही, नाकातून जाणारा अमीबा क्वचित सापडतो पण झाला तर जिवावर बेततं. दमा असेल तर गंधकाच्या वाफेपाशी रेंगाळू नका, इनहेलर खिशात ठेवा. आणि चांदीचे पैंजण-जोडवी काढून ठेवा, काळी पडतात.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही शुद्ध शाकाहारी. लाडू-चिवडा नेला तर चालतो का?

जे नेताय ते सगळं फॉर्मवर लिहा, अगदी एक बडीशेपेची पुडीसुद्धा. लिहिलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर वस्तू जाते, लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध नेऊच नका, तुपाचे आणि दुधाचे पदार्थ शक्यतो टाळा. ट्रेकचे बूट घासून धुवून न्या, मातीही चालत नाही, ती पण लिहायची. माओरी हांगी जेवणात (जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर शिजवतात ते) मांस आणि भाज्या बहुतेक एकत्रच शिजतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळी शाकाहारी सांगा, वेगळं करून देतात. रोटोरुआ आणि टाउरंगात भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानं आहेत. मी तर म्हणेन किचनवालं मोटेल घ्या, छोटा कुकर न्या, आणि संध्याकाळी खिचडी टाका, कारण ख्रिसमसच्या दिवशी जवळपास सगळं बंद असतं.