वाफा गेल्या, धास्ती राहिली

प्रश्न : मी 48 वर्षांची असून नाशिकरोडला राहते आणि पंचवटीतील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. शेवटची पाळी आठ महिन्यांपूर्वी आली. अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजणे आणि जीव घाबरा होणे यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन महिन्यांपूर्वी हार्मोनचे जेल आणि महिन्यातून चौदा रात्री घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. वाफा खूपच कमी झाल्या, धास्ती मात्र गेली नाही. द्वारका चौकात स्कूटीवर एकदा छातीत इतके धडधडले की तेव्हापासून मी तो रस्ताच सोडला आहे. रिक्षाने आडमार्गाने जाते. कॅप्सूलमुळे सकाळी डोके जड राहते, नोटा मोजताना चूक होईल असे वाटते, म्हणून या महिन्यात त्या घेतल्या नाहीत. जेल मात्र लावते. झोप लागावी म्हणून ओळखीच्या औषधवाल्याने दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी कधीकधी घेते. जाऊबाई म्हणतात, सगळे बंद कर, माझ्या मावशीला अशाच औषधांनी स्तनाचा कर्करोग झाला. यजमान म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मुलाच्या जन्मानंतरही मी चार महिने अशीच घाबरलेली असे, पण तेव्हा कोणी काही विचारले नाही. औषध ठेवू की सोडू?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

जेल ठेवायचे की सोडायचे हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, पण जेल लावायचे आणि कॅप्सूल सोडायची, हा तुम्ही काढलेला मधला मार्ग चालणार नाही. जेलमध्ये इस्ट्रोजेन असते. ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला वाढायला लावते आणि त्या वाढीला लगाम घालण्यासाठी कॅप्सूलमधले प्रोजेस्टेरॉन असते. गर्भाशय शाबूत असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन महिनोन् महिने घेतले, तर त्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. एका महिन्याच्या खंडाने घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र चुकलेल्या कॅप्सूल एकदम भरून काढू नका आणि याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. डोके जड होण्याची तक्रार खरी आहे, कारण या औषधाने अनेकींना गुंगी येते आणि म्हणूनच ते रात्री झोपताना घ्यायचे असते. घेण्याची वेळ किंवा मात्रा बदलता येते, गर्भाशयात बसवायच्या हार्मोनयुक्त तांबीसारखा दुसरा पर्यायही असतो. पण तुम्ही सांगितल्याशिवाय हे डॉक्टरांना कळणार कसे?

आता धास्तीविषयी. तुमच्या पत्रातच त्याचे उत्तर आहे असे मला वाटते. वाफा गेल्या, पण द्वारका चौक टाळणे राहिले. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात इस्ट्रोजेनची पातळी एका दमात न उतरता हेलकावे खात उतरते. त्याचा परिणाम शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर होतो, तसाच मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवरही होतो. त्यात रात्री दोनदा-तीनदा घामाने जाग येत असेल, तर दिवसा मन हळवे आणि धास्तावलेले राहणारच. हार्मोनच्या औषधाने वाफा आणि झोप सुधारते, त्यामुळे पुष्कळ जणींची घालमेलही निवळते. तरीही ते औषध मुळात चिंताविकारावरचे नाही. तुम्हाला त्याचा अर्धा गुण आला, याचा अर्थ औषध फसले असा नव्हे. उरलेल्या अर्ध्या दुखण्याला स्वतंत्र उपचार हवा, एवढाच त्याचा अर्थ.

बाळंतपणानंतरच्या चार महिन्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. ज्यांचे मन बाळंतपणानंतरच्या हार्मोनच्या उतारात डळमळले, त्यांना पाळी जाण्याच्या काळात तसाच त्रास होण्याची शक्यता अधिक असते. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. यजमानांनाही सांगा, कारण ‘मनाचे खेळ’ म्हणून मोडीत काढण्याची ही गोष्ट नाही. मनाचे असले तरी ते दुखणेच आहे.

धडधडीचे खापर सरसकट पाळीवर फोडण्याआधी थायरॉइडची टीएसएच तपासणी, हिमोग्लोबिन आणि एकदा ईसीजी करून घ्या. गरजेपेक्षा जास्त काम करणारी थायरॉइड ग्रंथी हुबेहूब अशीच धडधड, घाम आणि अस्वस्थता देते, तर पाळी जाण्यापूर्वी अतिरक्तस्राव झालेल्या बाईचे हृदय नुसत्या पांडुरोगानेही धावते. छातीत कळ येऊन ती हातात किंवा जबड्यात जात असेल, किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.

तपासण्या ठीक आल्या, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, जिला सीबीटी म्हणतात, ती अशा भीतीवर उपयोगी ठरते. तिची रीत अशी की टाळलेल्या जागेकडे पायरीपायरीने परत जायचे : एखाद्या रविवारी सकाळी, वर्दळ नसताना, यजमानांच्या मागे बसून द्वारका ओलांडायची, मग तशाच शांत वेळी एकटीने आणि शेवटी कामाच्या दिवशी. प्रत्येक आडमार्गाने मनाची ‘तो चौक धोक्याचा’ ही समजूत पक्की होत जाते. (तो चौक सगळ्या नाशिककरांनाच घाम फोडतो, हे खरे; पण तुमचा घाम वाहतुकीचा नाही.) डॉक्टरांनी एसएसआरआय गटातील, म्हणजे चिंता आणि नैराश्य यांवरची, गोळी सुचवली, तर बिचकू नका. तिने सवय लागत नाही, गुण यायला काही आठवडे लागतात आणि तिच्यातल्या काही प्रकारांनी वाफाही कमी होतात. बंद करताना मात्र ती हळूहळू कमी करायची असते. सवय लागते ती तुम्ही चिठ्ठीशिवाय घेत असलेल्या अर्ध्या गोळीची, आणि सकाळचे जडपण कॅप्सूलचे की तिचे, हेही तपासायला हवे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

जाऊबाईंची भीती निराधार नाही, पण तिचे माप चुकले आहे. 2002 मध्ये अमेरिकेतील वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम औषध) एकत्र देणारा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला आणि जगभर घबराट पसरली. त्यात 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण औषध न घेणाऱ्यांत सुमारे 30, तर घेणाऱ्यांत 38 आढळले. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते आणि त्यांच्या गोळ्यांतील हार्मोन तुमच्या औषधाहून वेगळे होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर असताना आणि इतर अडचण नसताना सुरू केलेल्या उपचारात फायद्याचे पारडे सहसा जड असते. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही गोळीपेक्षा कमी असतो. धोका शून्य नाही आणि उपचार लांबला की तो वाढतो, म्हणून वर्षातून एकदा फेरविचार आणि डॉक्टर सांगतील तेव्हा मॅमोग्राफी हवीच. तुमच्या आईला, बहिणीला किंवा सख्ख्या मावशीला हा आजार झाला असेल, तर ते जरूर सांगा. जाऊबाईंच्या मावशीशी तुमचे रक्ताचे नाते नाही.

डॉक्टरांकडे जाताना यजमानांना सोबत न्या. जेल, उरलेल्या कॅप्सूल आणि ती अर्धी गोळी, सारे पिशवीत घाला आणि कोणत्या तारखेला काय घेतले, काय चुकले, ते एका कागदावर उतरवून न्या. हिशेब कसा मांडावा, हे रोखपालबाईंना मी सांगायला नको.