बाळाला सांभाळायला मावशी बघताना

पोरी,

काल फोनवर तू पार रडकुंडीला आलतीस, म्हणून म्हटलं निवांत लिहूनच पाठवतो (आम्ही कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी गेलो असंच म्हणणार, तुझ्या सासूबाईंना हसू आलं तर येऊ दे). २६ आठवड्यांची रजा संपत आली आणि अजून बाई मिळेना, म्हणजे जीव टांगणीला लागणारच.

आधी ऑफिसात विचार. २०१७ पासून कायद्यात आहे की ५० किंवा जास्त माणसं कामाला असली तर पाळणाघराची सोय करायला लागते आणि दिवसातनं चार वेळा बाळाकडं जाऊन येता येतं. एचआरवाला आपणहून सांगणार नाही, तूच विचार.

तसं काही नसलं तर मग बाई शोध. माझा भरवसा पोळ्या करणाऱ्या बायकांवर, कारण त्या दहा घरं आतनं बघतात आणि कोण कशी आहे हे त्यांना बरोबर माहिती असतं. अंगणवाडीच्या ताईंना पण विचारून बघ. एखाद्या एजन्सीकडनं आली तरी आधार कार्ड, पत्ता, पोलीस व्हेरिफिकेशन आणि आधीच्या घरी एक फोन, यातलं काहीच सोडू नकोस. फोनवर "बाई कशी होती" विचारलंस तर सगळे "चांगली होती" म्हणतात, "परत ठेवाल का" असं विचार आणि उत्तर यायला किती वेळ लागतोय ते बघ. आणि गावाकडची बारा-तेरा वर्षांची पोरगी आणून ठेव असं कोण म्हटलं तर सरळ नाही म्हण, चौदाच्या आतलं पोर घरकामाला ठेवणं गुन्हा आहे आणि त्या पोरीचं पण वय खेळायचंच असतंय की.

आमच्याकडं ज्या मावशी आल्या त्यांनी पहिल्या दिवशी पगार विचारलाच नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, साबणानं हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाळू दिले आणि मग विचारलं, "झोपताना काय धरतंय बाळ?" माझ्या जुन्या ओढणीचं टोक धरायचा तो. तेवढ्यावरच मी त्यांना ठेवलं, खरं सांगतो, आणि कागदपत्रं नंतर बघितली, ते मात्र तू करू नकोस.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या महिन्यात बाळ दिवाणावरनं पडलं. मी दारात चप्पल काढतोय तोवर मावशींनी स्वतःहून सांगितलं, आणि मी काय केलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडलो. पुढं पंधरा दिवसांनी बाळाच्या दंडावर भाजल्याचा बारका डाग दिसला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलतील कशाला, सांगितल्याचं काय होतं ते मीच दाखवलंतं की! मग एक दिवस मुकाट्यानं चहा करून दिला, माफी मागितली आणि म्हटलं काय पण झालं तरी आधी मला फोन करायचा, मी ओरडणार नाही. ते जमायला मला महिना लागला. आज कोण विचारलं की विश्वासाची बाई कशी ओळखायची तर मी म्हणतो, बाळ पडलं हे जी आपणहून सांगते ती. आणि तिनं सांगत राहायचं का गप्प बसायचं, हे निम्मं तुझ्या तोंडावर आहे. कॅमेरा लावायचा तर लाव, पण तिला सांगून लाव.

रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच तिला कामावर घे, पगार देऊन. पहिले दिवस तू घरातच थांब, मग पंधरा मिनिटं खाली जाऊन ये, मग तासभर, मग अर्धा दिवस. तेवढ्यात सांगून ठेव: वर्षाच्या आत मध नाही, पाठीवर झोपवायचं, रडतंय म्हणून गदागदा हलवायचं नाही. पुढं रांगायला लागलं की भडंगातला शेंगदाणा तर हाताला लागताच कामा नये, घशात अडकतो. फ्रिजवर १०८, ११२ आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिही.

पगार ठरलेल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला बोनस, चैत्रात जोतिबाला जायला रजा. यात घासाघीस करू नकोस गं.

अजून एक, मावशी पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीकडच्या असतील तर पावसाळ्याचं आधीच ठरव. आमच्या त्याच बाजूच्या, २०१९ च्या पुरात अडकल्या आणि २०२१ ला परत तेच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की दुसऱ्या दिवशीचा भरवसा धरू नकोस, ४३ म्हणजे तर धोकाच, तेव्हा सासूबाई नाहीतर आई कोणीतरी हाताशी पाहिजे.

रविवारी दुपारी ये बाळाला घेऊन. मावशींना पण बोलवतो, त्यांच्या नात्यातल्या एकजणी काम शोधतायत म्हणे. ओढणीचं विसरू नकोस, बाळ झोपताना काय धरतंय ते बघून ये.