वर्कशॉपवाला म्हणतो पोर्श ९११ चे स्पार्क प्लग बदलायला इंजिन खाली उतरवावं लागेल. घरी बदलता येतात का?

येतात. आणि इंजिन उतरवावं लागत नाही.

खरं तर इथेच थांबायला हवं, पण तुमचा प्रश्न वाचून डोकं फिरलं. तुम्ही लिहिलंय की ९९७ करेरा (९११ चीच एक पिढी) आहे, आयडलला थरथरते, चेक इंजिनचा दिवा मधूनमधून लागतो, आणि वर्कशॉपने "इंजिन खाली घ्यावं लागेल" म्हणून भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलंय. अगदी हेच मला ऐकवलं होतं, माझ्याच ९९७ बद्दल, आणि तेही साडूसमोर. साडू हा माणूस असा की त्याच्या मते महागडी गाडी म्हणजे तिला मालकाने फक्त पुसायचं असतं, पाना लावायचा नसतो. तो वर्कशॉपही त्यानेच सुचवलेला.

तर झालं असं की मी गाडी घेतली तेव्हा पहिली मोठी सर्व्हिस त्याच वर्कशॉपला केली होती. बिलात स्पष्ट लिहिलेलं, स्पार्क प्लग ६ नग, मजुरीसकट. पैसे दिले, गाडी आणली, चालत होती. पुढे काही महिन्यांनी गाडी थंड असताना मिसिंग मारायला लागली, सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. स्कॅनर लावला तर पी०३०० (मिसिंगचा सर्वसाधारण कोड) आणि जोडीला एका ठराविक सिलिंडरचा कोड. परत तिथेच नेली. तर आता म्हणे कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) सगळ्या बदला, प्लग परत बघावे लागतील आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं, अहो मागच्या वेळी ६ प्लग बदलले तेव्हा उतरवलं होतं का? तर तो सर्व्हिस अॅडव्हायझर साडूकडे बघून हसला. साडूही हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू.

आता ही "इंजिन उतरवा" भानगड येते कुठून, तर बहुधा जुन्या फेरारींच्या बेल्टवरून. एफ३५५ ला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलायचा तर इंजिन खाली घ्यायची पद्धत होती. पुढे ३६० मोडेनाला सीटच्या मागे झाकण दिलं आणि तेच काम इंजिन जागेवर ठेवून व्हायला लागलं. पण ते बेल्टचं काम, प्लगचं नाही, आणि ९११ मध्ये तर बेल्टच नाही, टायमिंग चेन आहे. तरी लोकांच्या डोक्यात "स्पोर्ट्स कार म्हणजे इंजिन उतरवावं लागतं" हे एकदा बसलं ते बसलंच, आणि काही वर्कशॉप त्यावर आरामात जगतात.

मी घरी आलो, गाडी रात्रभर थंड होऊ दिली (हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो भाग, अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात, यात हौस दाखवायची नाही), मागून उचलून जॅक स्टँडवर ठेवली आणि मागची दोन्ही चाकं काढली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालणाऱ्याला मी काही सांगत नाही, त्याने उत्तर इथेच वाचायचं सोडावं.

मागचं झाकण उघडून प्लग शोधायला जाल तर दिसणारच नाहीत. वर नुसता फॅन आणि एअर बॉक्स दिसतो. इंजिन फ्लॅट सिक्स, सिलिंडर आडवे झोपलेले, म्हणून प्लग दोन्ही बाजूंना, ३ डावीकडे ३ उजवीकडे, आणि हात जातो तो चाकाच्या जागेतून आणि खालून. प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल, ती दोन अॅलन बोल्टवर. कॉइलच्या जवळच एक्झॉस्ट असल्यामुळे वर्षानुवर्षं भाजून कॉइलच्या प्लास्टिकला तडे जातात, ते नुसते बघूनही कळतात.

आणि इथे मला ते दिसलं. चार कॉइलचे बोल्ट स्वच्छ, अॅलन की बसल्याच्या ताज्या खुणा. उरलेल्या दोन, दोन्ही बाजूंची एकेक, जिथे सायलेन्सर आडवा येतो आणि हात वाकडा करावा लागतो, त्यांच्या बोल्टच्या खाचेत माती जाऊन वाळून दगड झालेली. सुईने कोरून काढली तेव्हा कुठे की बसली. म्हणजे त्या बोल्टला त्या सर्व्हिसमध्ये कोणी हातच लावला नव्हता! प्लग बाहेर काढले तर चार नवे, एकाच कंपनीचे, टोकं करड्या-तपकिरी रंगाची, म्हणजे जळण व्यवस्थित. आणि दोन वेगळ्याच कंपनीचे, इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, गॅप (ठिणगी उडते ती फट) डोळ्याला दिसेल इतका वाढलेला. कोड ज्या सिलिंडरचा येत होता तो प्लग या दोघांतलाच. बिल ६ चं, काम ४ चं.

मी सगळे सहा प्लग सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून साडूच्या घरी घेऊन गेलो. तर तो काय म्हणाला माहितीये? "अरे त्यांनी बघितलं असेल, दोन चांगले असतील म्हणून ठेवले असतील." न उघडता बघितले! वर परत, "तरी पण तू हात लावलास ते चुकलंच, रीसेल व्हॅल्यू जाते." अजूनही प्रत्येक लग्नाकार्यात हा विषय निघतो आणि दोन्ही बहिणी आम्हाला वेगवेगळ्या पंगतीत बसवतात.

असो. तुमच्या कामाचं सांगतो. अवघड काही नाही, फक्त जागा कमी आणि संयम जास्त लागतो. वाकणारा जॉइंट, दोन-तीन लांबीची एक्सटेन्शन, आत रबर किंवा मॅग्नेट असलेला १६ मिमीचा प्लग सॉकेट आणि टॉर्क रेंच (किती जोराने घट्ट केलं ते दाखवणारा पाना), यातला टॉर्क रेंच उसना आणा पण आणाच. कॉइलचा कनेक्टर ओढू नका, क्लिप जुनी होऊन ठिसूळ झालेली असते, दाबून हळू सोडवा. प्लग सैल करायच्या आधी भोकात हवा मारा. प्लग चौथाई फेरा सैल करून परत एकदा हवा मारली तर अजून चांगलं. कॉइल काढल्यावर आत तेल दिसलं तर घाबरू नका, प्लग ट्यूबचे ओ-रिंग गेलेत, या इंजिनला ते होतं, त्याच वेळी बदलून टाका, नाहीतर नवीन कॉइलचं रबरही तेलात भिजून फुगतं.

नवा प्लग बसवताना रॅचेटला सुट्टी. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी पाइपचा तुकडा घाला आणि बोटांनी फिरवा, आटे तिरपे लागले तर पाइप घसरतो आणि हेड वाचतं. शेवटी ३० न्यूटन मीटर, त्याच्यावर "अजून एक जोर" नको. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावायचा सल्ला सगळीकडे मिळेल. प्लेटिंग असलेल्या नव्या प्लगला प्लग बनवणारी एनजीके स्वतः नको म्हणते, कारण वंगणामुळे रेंच ३० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात आटे त्याहून जास्त ताणले जातात. एकापेक्षा जास्त ग्राउंड इलेक्ट्रोडवाला प्लग असेल तर गॅप वाकवून सेट करायला जाऊ नका, पाकिटातून जसा येतो तसा घाला. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग फेकून द्या, वरून काही दिसत नाही पण आतला पोर्सेलिन तडकलेला असू शकतो.

कॉइल सरसकट सहा बदलायची घाई नको. कोड ज्या सिलिंडरचा आहे तिथली कॉइल शेजारी लावा, कोड शेजारी गेला तर कॉइल, नाही गेला तर प्लग किंवा दुसरं काहीतरी. वर्कशॉपला एवढं करायला वेळ नसतो कारण अशाने एकच कॉइल विकली जाते. मात्र मिसिंग मारणारी गाडी "बघू नंतर" म्हणत पळवू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, तो खर्च बघून साडूसारखे लोक खूश होतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. हे सगळं साध्या करेराचं. ९९७ टर्बो असेल तर मागचा बंपर, इंटरकूलर वगैरे काढाकाढी आहे, पहिलंच काम असेल तर ती नका धरू. ९६४ किंवा ९९३ (९११ च्या जुन्या पिढ्या) असेल तर एअरकूल्ड, ट्विन स्पार्क म्हणजे सिलिंडरला दोन प्लग, एकूण १२, आणि निम्मे खालच्या बाजूने. आणि प्लग सुरुवातीलाच फिरायला तयार नसेल, करकर आवाज करत अडत असेल, तर तिथेच थांबा, थोडा उलटा घट्ट करा, पेनिट्रेटिंग ऑइल टाकून दुसऱ्या दिवशी बघा. आटे गेले तर हेडमध्ये इन्सर्ट बसवावा लागतो, ते खरंच वर्कशॉपचं काम आहे. एक्झॉस्टचे गंजलेले बोल्टही तसेच, तुटले की दिवस गेला.

आणि वर्कशॉपलाच द्यायचं ठरवलंत तरी एक करा, जुने सगळे प्लग परत मागून घ्या आणि मोजा. देताना त्या माणसाचं तोंड बघा. माझा साडू हे वाचत असेल तर त्याने त्याच्या गाडीचे प्लग अजून मागितलेले नाहीत, का ते त्यालाच विचारा.